वाऱ्याचं माप

कागद एकच होता.
कागद म्हणजे काय, वेल्डिंग रॉडचं रिकामं खोकं,
त्यावर पेन्सिलीनं:
लांबी बारा फूट, रुंदी सहा, उंची खांद्याइतकी,
वर पत्रा, तीन बाजू बंद,
दार एक,
कड्या दोन, मुंगसाच्या भयानं.

अक्काताई जत तालुक्यात, संखला दिलेली.
छबू शिराळ्याच्या पलीकडं, आरळ्याला.
एकीच्या गावात ढग येतो तो रस्ता चुकून;
दुसरीनं जूनमध्ये वाळत घातलेली वाकळ
गणपतीतसुद्धा ओलीच.
जिल्हा एक, भाऊ एक,
म्हणून खुराडंही एकाच मापाचं.
तासगावात जोडलं, टेम्पोत घातलं,
एक उगवतीला, एक मावळतीला.

एप्रिलात अक्काताईचा फोन.
"चौदा गेल्या.
दुपारी बघते तर चोची उघड्या,
पंख असे अंगापासून सोडवून धरलेले,
उकाड्यात तू काखेतनं सदरा ओढतोस ना, तसे.
कोंबडीला घाम नसतो रे. ठाऊक नव्हतं?"
मला पत्र्याचा गेज ठाऊक होता.

जुलैत छबू.
तिच्या मरत नव्हत्या, खोकत होत्या.
गेलो, तर चहासुद्धा न विचारता तिनं दार उघडलं.
"आत बस. कोंबडीएवढा हो."
उकिडवा बसलो.
ओल्या भुशातनं उठलेली उग्र वाफ
डोळ्यांत मिठासारखी शिरली.
उभ्यानं डोकावून मी कितीदा म्हणालो होतो,
काही वास नाही.
पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब धरले होते.
पाऊस नव्हता तो.
कोंबड्यांचाच श्वास,
वर गेलेला, वाट न मिळून
त्यांच्याच पाठीवर परत पडणारा.

आरळ्याचं खुराडं मी माथ्यावरनं कापलं.
आढ्याला चार बोटांची फट, फटीवर पत्र्याची टोपी.
बसायच्या दांडीच्या वर, वळचणीखाली, वीतभर जाळी:
वारा डोक्यावरनं जावा, पिसांत घुसू नये.
वळचण अडीच फूट पुढं,
कारण तिथला पाऊस वरून पडत नाही, बाजूनं येतो.
खाली दगड देऊन सगळंच हातभर उचललं.

संखला उलटंच.
लांब बाजू पूर्व-पश्चिम फिरवली,
ऊन अरुंद भिंतीवर आपटत राहो.
भिंत ठेवली गुडघ्याइतकी, बाकी नुसती जाळी.
पत्र्याला चुना, चुन्यावर कडब्याच्या पेंढ्या.
गवंडी शिवलिंगप्पा, त्याचं मराठी दुपारपर्यंतच पुरायचं;
पुढं म्हणत राहिला, "गाळी बेकू, गाळी बेकू."
मी वाळू गाळायची चाळण आणून दिली.
तो हसला, तोंडानं फुंकर मारून दाखवली.
गाळी म्हणजे वारा.
वारा पाहिजे, म्हणत होता.
थंडीच्या रात्रींसाठी पोत्यांचा पडदा केला,
खालून बांधलेला, वरून सुटणारा;
अक्काताई तो अजून उलटाच बांधते.

दोन्हीकडं शेवटी उदबत्ती लावून बघितली.
आरळ्याला धूर सरळ वर गेला
आणि आढ्यातनं निघून गेला, पाहुणा उठावा तसा.
संखला तो उभाच राहिला नाही,
आडवा होऊन जाळीतनं पळाला.
छबूच्या अजून दोन खोकतात.
आवाज ऐकून डॉक्टर म्हणाले, जुनं आहे.

उरलेला पुडा खिशात राहिला.
मालननं धुवायला सदरा घेताना काढला, विचारलं,
आणि ऐकून घेत घेत
आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशी एक काडी लावली.
धूर वर गेला,
छताखाली डब्यांच्या फळीवरनं एक फेरी मारली,
दुसरी मारली,
मग सावकाश खाली आला, तिच्या केसांवर.
एकवीस वर्षं ती तिथं भाकरी थापते.
मी उभ्यानंच डोकावायचो.

ती काही बोलली नाही.
मी टेप काढला,
तेव्हा पायानं स्टूल तेवढं पुढं सरकवलं.